तीन जावांचा डोंगर

"हे कुणालाही खरं वाटणार नाही," असं म्हणूनच म्हातारा न्हावी ही गोष्ट सुरू करतो, आणि म्हणता म्हणता गिऱ्हाइकाची हनुवटी अंगठ्याने वर उचलतो. त्यात त्याचा डाव असा, की ज्याच्या गळ्यावर वस्तरा आहे तो माणूस मधेच "काहीतरीच काय" असं म्हणत नाही. बाकावर नंबर लावून बसलेले म्हणू शकतात. पण थोड्या वेळाने त्यांनाही त्याच खुर्चीत बसायचं असतं.

त्या सकाळी खुर्चीत गावात नव्याने बदलून आलेला पोस्टमास्तर होता. त्याने गोष्ट ऐकलेली नव्हती. बाकावरच्यांनी ऐकलेली होती, पण दर वेळी ती थोडी वाढलेली असते, म्हणून तेही पेपर खाली ठेवून सावरून बसले. पेपर खाली ठेवला नाही तो फक्त कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने. तो रोज येतो, कुबडी भिंतीला टेकवतो, तोंडावर पेपर पांघरतो आणि झोपतो. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

"तोफांना न हललेला डोंगर," न्हावी ब्रश फेसात घोळवत म्हणाला, "एका न्हाव्याने हलवला. तो न्हावी कोण, ते विचारू नका."

तो न्हावी कोण, हे पोस्टमास्तरालाही लगेच कळलं. पण म्हातारा गोष्टीत 'मी' म्हणत नाही, 'तो' म्हणतो. 'मी' म्हटलं की माणूस शब्दात अडकतो. 'तो' म्हटलं की हात मोकळे राहतात.

तर तो.

तो तेव्हा तरुण होता आणि पलटणीत न्हावी होता. पलटण डोंगराच्या पायथ्याशी येऊन बसली तेव्हा मोठे साहेब म्हणाले होते, मोजे फाटायच्या आत आपण पलीकडे असू. मोजे फाटले, रफू झाले, पुन्हा फाटले, शेवटी त्यांची चहाची किटली धरायची फडकी झाली. पहिला हिवाळा गेला, दुसरा येऊन बसला. आचाऱ्याने तंबूमागे कांदे लावले, काढले, पुन्हा लावले. डोंगर जिथे होता तिथेच.

डोंगराला तीन शिखरं होती. शिपाई त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत, तिघी जावा. पण घरातल्या जावांचं आपसात पटत नाही, या तिघींचं फारच पटायचं. शत्रूने पोटातून भुयारं खणून तिघींना एकमेकींशी जोडलं होतं. एकीला हात लावावा, तर दुसऱ्या दोघी दोन्ही अंगांनी तुटून पडत. काँक्रीटचे बंकर, खडकात कोरलेल्या खिडक्या, खिडकीगणिक मशीनगन, आणि खाली काटेरी तारांचं रान. आपल्या तोफा रोज सकाळी थोरलीवर गोळे टाकत. न्हावी शपथेवर सांगतो, की थोरली त्या माऱ्याने कमरेइतकी ठेंगणी झाली, पण पडली नाही. आणि थंडी अशी, की एका तोफवाल्याला शिंक आली आणि त्याची मिशी कट्कन मोडून चहात पडली.

"मीच ती चमच्याने..." न्हावी थांबला. "म्हणजे त्यानेच. न्हाव्याने. चमच्याने काढली."

पोस्टमास्तराचे गाल फेसाखाली हलले.

"हसू नका. ओठ कापेल."

पलटणीत एक रीत होती. हल्ल्याच्या आदल्या दिवशी झाडून सगळे दाढी करून घेत. कुणी म्हणे, मेलो तर घरच्यांना चेहरा ओळखू यायला हवा. कुणी म्हणे, पकडले गेलो तर समोरच्यांनी गबाळे म्हणायला नको. त्या दिवशी न्हाव्याला मान वर करायला सवड नसे. वस्तरा पट्ट्यावर घासून घासून पट्टा आरशासारखा होई, तुरटीचा खडा झिजून सुपारीएवढा उरे. दुपारी तो टॉवेलांचा ढीग मोठ्या हंड्यात उकळायचा आणि दवाखान्याच्या तंबूमागे दोरीवर वाळत घालायचा. डोंगरासमोरच्या त्या एवढ्याच उतारावर ऊन यायचं. एरवी दोन-चार टॉवेल असत. त्या दुपारी दोरी वाकायची. पांढरेशुभ्र टॉवेल ओळीने फडफडताना पाहून न्हाव्याची छाती फुगायची. सगळ्या युद्धात स्वच्छ अशी तेवढी एकच गोष्ट आहे, असं त्याला वाटायचं.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पलटण वर चढायची, तर तिन्ही जावा टक्क जाग्या. एकदा नाही, दोनदा नाही, दर खेपेला. दिवस बदलून पाहिला, वाट बदलून पाहिली, हुकूम कागदावर न लिहिता कानात सांगून पाहिला. वर मशीनगन आधीच तयार. जेवढे चढत त्यांच्या निम्मेच उतरत.

मेजरसाहेबांनी एक दिवस दाढीला बसल्यावर डोळे मिटूनच विचारलं, "तुझ्या खुर्चीत बसलेला माणूस काय करतो?"

"दाढी करून घेतो, साहेब."

"आणि?"

"बोलतो."

"मग तू ऐक. कुणीतरी वर कळवतंय. कोण, ते मला हवंय."

त्या दिवसापासून न्हाव्याच्या डोक्यात किडा शिरला. आचारी चुलीत ओली लाकडं घालायचा; धूर कधी सरळ जायचा, कधी तुटक तुटक. तुटक धूर म्हणजे खूण तर नव्हे? टेलिफोनवाला शीळ घालायचा, आणि नेमका डोंगराकडे तोंड करून. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "पाठ करून घातली तर वाऱ्याने तोंडात धूळ जाते." हे उत्तर न्हाव्याला फारच तयार वाटलं. मग त्याच्या मनात आलं, हल्ल्याचा दिवस सगळ्यांच्या आधी कुणाला ठाऊक असतो? मेजरसाहेबांना. पुढचे काही दिवस मेजरसाहेबांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवताना त्याचा हात जड व्हायचा. मेजरसाहेब मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "माझ्यावर संशय घेऊन झाला असेल तर पुढे सरक."

पुढे सरकला, तो थेट दाजींवर जाऊन आदळला.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच पलटणीत खेचरवाला. निघताना बहिणीने न्हाव्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना बोलता येत नाही. कुणी काही विचारलं की गप्प बसतात, आणि गप्प बसले की गुन्हेगार दिसतात. यांच्या वतीने तू बोलत जा." न्हाव्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं. बोलायचंच तर काम होतं, त्यात काय कठीण.

दाजी खेचरं घेऊन पाणी आणायचे. पाण्याचा झरा घळीत होता. अलीकडे आपले पहारे, पलीकडे त्यांचे, मधल्या घळीत कुणीच नाही. पूर्वी दाजी तासाभरात परत यायचे. हल्ली उशीर व्हायला लागला होता. एकदा दाढी करताना न्हाव्याने त्यांचा वरचा ओठ चिमटीत धरला आणि त्याच्या नाकात वास शिरला.

"तंबाखू कुठला, दाजी?"

"तंबाखू तंबाखूच असतो."

"हा आपल्याकडचा नाही."

"मग दुसरीकडचा असेल. हात चालव."

"दुसरीकडचा म्हणजे कुठला?"

"मेव्हण्या, तू दाढी करतोस की जबानी घेतोस?"

त्यानंतर दाजी गप्प बसले. आणि बहीण म्हणाली होती तसे, गप्प बसल्यावर ते गुन्हेगार दिसले.

न्हाव्याने मेजरसाहेबांना नाव सांगितलं नाही. हे तो आजही ठासून सांगतो. त्याने फक्त वास सांगितला. मेजरसाहेबांनी पलटण रांगेत उभी केली आणि एकेकाच्या मिशीला नाक लावत गेले. दाजींपाशी थांबले. झडती घेतली, तर सदऱ्याच्या आत तंबाखूचा बटवा निघाला, त्यावर समोरच्या सैन्याचं चिन्ह. कुठून आला, म्हणून विचारलं. दाजी बुटांकडे बघत राहिले.

त्यांना चाऱ्याच्या कोठारात कोंडलं. कर्नलसाहेब आले की निकाल व्हायचा होता. निकाल काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोठाराच्या मागच्या भिंतीपुढची जागा शिपायांनी झाडूनही ठेवली होती.

दाजींच्या वतीने बोलायची वेळ हीच होती. न्हाव्याच्या जिभेला कुलूप लागलं. खरंच असलं तर, असं त्याला वाटत राहिलं. एकदा संशय घेतला की माणूस त्याच्यासाठी जागा करत जातो. आधी पाहुणा, मग भाडेकरू, मग तोच मालक.

"मग बहिणीला काय कळवलं?" पोस्टमास्तराने ओठ न हलवता विचारलं.

"थंडी फार आहे, असं," न्हावी म्हणाला.

दाजी आत होते तेव्हाच पुढचा हल्ला ठरला. आता एक अडचण झाली. खेचरांची म्होरकी एक म्हातारी खेचर होती, ती दाजींशिवाय कुणाचं ऐकायची नाही. दुसऱ्या माणसाने ओढलं की वाटेत बसकण मारायची, उठवायला गेलं की चावायची. ती बसली की मागची सगळी बसली. पाणी येईना. जे होतं ते पिण्यापुरतं. पलटणीने दाढ्या केल्या त्या उरल्यासुरल्या चहाने भिजवून. न्हावी म्हणतो, सगळी पलटण त्या दिवशी साखरेसारखी चिकट झाली होती. टॉवेल धुवायला थेंब नव्हता. मळक्या टॉवेलांचा ढीग तंबूच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पलटण चढली, आणि धाकटी झोपलेली सापडली. पहारेकरी बूट काढून शेकत बसलेले. चहा व्हायच्या आत धाकटी हातात आली.

खाली टोप्या उडाल्या. हेर कोंडला आणि डोंगर आंधळा झाला, यापेक्षा उघड पुरावा कोणता? आचाऱ्यानेसुद्धा न्हाव्याच्या पाठीवर थाप मारली, "तुझं नाक सोन्याचं आहे रे." मेजरसाहेब म्हणाले, "कर्नल उद्या येतायत." न्हाव्यालाही बरं वाटलं. आपण चुकलो नाही याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी, एकाच पोटात.

दुपारी त्याला वर बोलावलं. धाकटीवरच्या साहेबांना दाढ्या करायच्या होत्या. पेटी घेऊन तो चढला. आजवर खालून पाहिलेल्या खिडकीत आता तो आतून उभा होता. शत्रूची टेहळणीची खोली: एक खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेलं कांबळं, थिजलेल्या चहाचा पेला. खुर्चीसमोर तीन पायांवर बसवलेली मोठी दुर्बीण. इकडेतिकडे वळू नये म्हणून तिचे स्क्रू घट्ट आवळलेले.

न्हाव्याने गंमत म्हणून डोळा लावला. ती तोफांवर रोखलेली नव्हती, मेजरसाहेबांच्या तंबूवरही नव्हती. तिच्यात एक दोरी दिसत होती. दवाखान्यामागची, रिकामी, डोळ्याला भिडेल इतकी जवळ. दोरीवर लाकडी चिमटे. त्यातला एक मोडका होता, तोही दिसत होता.

तो त्या खुर्चीत बसला. आपण दर खेपेला पलटणीच्या दाढ्या केल्या, टॉवेल धुतले आणि डोंगराला ओळीने मांडून दाखवले: उद्या येतोय. काल मांडले नाहीत, तर डोंगर झोपला. टॉवेल का धुतले नाहीत? पाणी नव्हतं. पाणी का नव्हतं? दाजी आत होते. दाजींना अडकवणारा पुरावा दाजींना अडकवल्यामुळेच तयार झाला होता.

आणि हे जगात एकट्या न्हाव्याला माहीत होतं. बोललं तर त्या झाडलेल्या जागेवर दाजींऐवजी कोण उभं राहणार, हेही कळत होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. स्क्रू सैल करून दुर्बीण जराशी तोफांकडे वळवली असती, तर विषय संपला असता.

इथे न्हाव्याने वस्तरा थांबवला आणि तो फडक्याला पुसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला.

"त्याचा हात स्क्रूकडे गेला नाही," तो म्हणाला. "गेला असं कुणी म्हणत असेल तर त्याने पाहिलेलं नाही."

पेटी तिथेच टाकून तो धावत खाली आला आणि मेजरसाहेबांपुढे सगळं ओकला. मेजरसाहेबांनी शांतपणे ऐकलं.

"खेचरवाला तुझा कोण?"

"दाजी, साहेब."

"आणि आता वर कोण गेलं होतं? एकटं?"

"मी, साहेब."

"मग दुर्बीण दोरीवर आधीपासून होती, की तू वळवून आलास?"

ज्या संशयाला त्यानेच चारापाणी घातलं, तो आता वळून त्यालाच हुंगत होता.

मेजरसाहेबांनी तीन हुकूम सोडले. आचाऱ्याने हंडाभर पिण्याचं पाणी घेऊन सगळे टॉवेल उकळावेत आणि दोरीवर घालावेत; थोरली-मधलीवरही अशा दुर्बिणी असणारच. उद्या हल्ला नाही, पण हे कुणाला सांगू नये. आणि न्हाव्याला कोठारात घालावं, दाजींशेजारी.

कोठारात गवताचा आणि लिदीचा वास होता. दाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी बाजूला सरकून जागा दिली.

"दाजी, तंबाखूचं मीच सांगितलं."

"ठाऊक आहे. असलं नाक पलटणीत दुसऱ्या कुणाला आहे?"

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? झऱ्यावर त्यांचाही एक खेचरवाला येतो. तो दगडावर तंबाखू ठेवतो, मी नालांचे खिळे ठेवतो. त्याची खेचरं लंगडत होती. चार शब्दसुद्धा बोललो नाही आम्ही. हे मेजरला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दगडाआड बंदूक बसली असती."

"आणि तुमची मान?"

"तू आहेस की बोलायला," दाजी म्हणाले. "तुझ्या ताईने तशी व्यवस्था करून दिलीय म्हणे."

न्हावी गवताची काडी चावत राहिला. दाजींनी अर्धी भाकरी काढून दिली. दोघांनी ती संपवली. मग दाजी म्हणाले, "ती म्हातारी खेचर जेवली का?"

"चावते सगळ्यांना."

"चांगलं आहे," दाजी म्हणाले.

उजाडायच्या सुमाराला कोठाराचं छप्पर थरथरलं. थोरली आणि मधली दोघी एकदम पेटल्या. मशीनगन, तोफा, सगळं. आणि समोरच्या उतारावर चिटपाखरू नव्हतं. तासभर दोघी जावा रिकाम्या दगडांशी भांडत होत्या. मारा थांबला तेव्हा कोठाराचं दार उघडलं. मेजरसाहेब दारात उभे होते.

"बाहेर या," ते म्हणाले. "कर्नलना मी सांगतो. तंबाखूचं मात्र मी विसरलेलो नाही."

पुढचं सोपं होतं. म्हातारी खेचर दाजींना पाहून उठली, पाणी आलं, आणि न्हाव्याने रोज टॉवेल धुवायला सुरुवात केली. रोज दोरी वाकलेली, रोज उजाडताना डोंगर जागा, आणि रोज कुणीच आलेलं नाही. शत्रूचे डोळे सुजले, तोफांच्या नळ्या तापून तापून वाकल्या. आपले शिपाई खाली ताणून झोपत होते. मग एका दुपारी न्हाव्याने दोरीवर एकही टॉवेल घातला नाही.

"आणि दाजी?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

"दाजींना मान मिळाला. पहिल्या तुकडीबरोबर पाणी घेऊन वर जायचा."

"मान की तंबाखूची शिक्षा?"

"मान," न्हावी म्हणाला, आणि पोस्टमास्तराच्या गालावर तुरटी फिरवू लागला. त्याचा आवाज चढला, तुरटीसकट हात हवेत गेला. "वर पोहोचले तर सगळे बंकर घोरतायत. भुयारातून घोरण्याचा आवाज असा, की आधी वाटलं आगगाडी आली. आपल्या शिपायांना एकेकाला हलवून उठवावं लागलं, बाबांनो, उठा, तुम्ही हरलात. दाजींनी थोरलीच्या माथ्यावर खेचर बांधली आणि शत्रूच्याच किटलीतला गरम चहा उभ्याने प्यायले. सांगतो तुम्हाला, थोरली आणि मधली, दोघी, एकही गोळी न सुटता..."

कोपऱ्यात पेपर सळसळला. म्हाताऱ्याने तो तोंडावरून काढला, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवला.

"एकही गोळी सुटली नाही म्हणतोस, मेव्हण्या," तो म्हणाला. "मग माझा पाय काय तुझ्या वस्तऱ्याने कापला?"